भाड्याची सायकल आणि माझा हुंकारा

राज्यांची फेरवाटणी झाली आणि उमरग्याच्या शेजारचं माझ्या मावशीचं गाव एकाएकी परमुलखात गेलं. तिथंच मी भाड्यानं सायकल घेतली आणि उतारावर बैलगाडीला धडकलो. पुढचं चाक वाकलं. तेवढा दोष माझा, हे मला मान्य होतं.

सायकल खांद्यावर टाकून दुकानात परतलो. दुकानदार वयानं वडीलधारा. त्यानं मला बाकावर बसवलं आणि कानडीत एकेक सांगायला सुरुवात केली: चाक गेलं, घंटी गेली, मडगार्ड फुटलं, सीट फाटली. मला कानडी निम्मीशिम्मीच कळायची. पण आमच्याकडं थोर माणूस बोलत असताना हुंकारा न्हाय दिला तर तो अपमान. म्हणून मी दर वाक्याला मान हलवत होतो, "व्हय, व्हय."

शेवटी त्यानं सगळ्याची भरपाई मागितली, तसा मी उसळलो. त्या सायकलीला घंटी कधी नव्हतीच! तो शांतपणे जमलेल्या लोकांकडं वळून कानडीतच म्हणाला,

"प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणाला का न्हाय?"

"हौदु, हौदु," लोकांनी कानडीत होकार भरला.

"अहो, मी ऐकतोय म्हणून व्हय म्हणत होतो!" मी ओरडलो. कुणालाच पटेना. घरचं कुणी येईपर्यंत हलायचं न्हाय, असं ठरलं.

दुकान बंद करायची वेळ झाली, तेव्हा म्हाताऱ्याचं मन द्रवलं असावं. माझ्यापुढं वाकून त्यानं मोडक्या मराठीत विचारलं, "घरी जायचं?"

मी दात आवळून गप्प बसलो. व्हय म्हणायची आता माझी छाती नव्हती.