दगडावर पाय!

धसईच्या बाजारापासून म्हशाच्या जत्रेपर्यंत कुठेही हिंडा, पाहुण्याला उड्या मारत घरात यायला लावणारा यजमान म्हणून आमच्या हिच्या मामांचाच पहिला नंबर लागेल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला म्हशाला बैल घ्यायला गेलेले मामा टेम्पोभर सपाट दगड घेऊन परतले. "आन बैल?" मामींनी कपाळावर हात मारला. "बैल पुढल्या वर्षीबी भेटंल गो. असा दगड नाय भेटायचा!" फाटकापासून ओटीपर्यंत ढांगेढांगेवर त्यांनी ते दगड मांडले आणि मधल्या जागेत ओढ्याकाठची ब्राह्मी आणून लावली. ढांग अर्थातच त्यांची, ताडमाड माणसाची. बुटक्या मामी प्रत्येक दगड उडी मारूनच गाठायच्या.

ब्राह्मी जमिनीला चिकटून गोधडीसारखी पसरली आणि मामांचा जाच सुरू झाला. ओटीवरून "दगडावर! दगडावर पाय!" अशी आरोळी आली, की समजायचं, कुणीतरी आलं. उकरतात म्हणून कोंबड्या विकल्या. विहीर तळाला गेली तरी तांदूळ धुतलेलं पाणी ब्राह्मीलाच. "माणसं पारोशी, आन पाल्याला आंघोळ!" मामी करवादायच्या. त्यांची धाकटी सुमी मात्र या दगडांवरून टुणटुणतच लहानाची मोठी झाली.

तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मामा मुंबईचे पाहुणे आणायला आटगाव स्टेशनला गेले होते. गावच्या बाया मायेनं अंगण सारवायला आल्या. "पोरीच्या लग्नात अंगणात रान? लोक काय बोलतील!" त्यांनी खुरप्यानं सगळी ब्राह्मी खरवडली आणि वर छान शेण फिरवलं. मामा परतले, फाटकातच थबकले. आता होतोय स्फोट, असं आम्हाला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "झ्याक सारवलंत. चहा घेतला का?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या, तर मला कमी वाईट वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाठवणीला शालू सावरत सुमी ओटी उतरली, ती पहिल्या दगडावर. मग दुसऱ्यावर उडी. उपरण्याची गाठ ताणली जाऊन शेजारून सरळ चालणारा नवरदेव पार हेलपाटला. वऱ्हाड हसलं.

"अगो, मधी काय ऱ्हायलंय आता? टाक की सरळ पाय," मामी रडता रडता म्हणाल्या.

"नाय गो आये, बाबा ओरडतील."

मामांनी तोंड उघडलं. आरोळी काही फुटली नाही. पंचा डोळ्यांना लावून ते आत गेले.

त्या पावसाळ्यात दगडांच्या कडेनं ब्राह्मी पुन्हा फुटली. मामा मात्र आता कुणाला अडवत नाहीत. "कुठंबी टाका रे पाय," म्हणतात. आम्ही आपले दगडावरूनच जातो.