दाराच्या आतली काच

पद्माकर देवस्थळी दिल्लीजवळच्या मानेसरच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होता. गाड्यांच्या काचा खाली-वर करणारी यंत्रणा तिथे बनायची. चार वर्षांत अशा यंत्रणांची हजारो खोकी त्याच्या सहीने बाहेर गेली होती, पण ती दारात नेमकी कुठे बसते ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. घर दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, गाझियाबादच्या नव्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर; घरी बायको आणि शाळकरी मुलगी अबोली. पहाटे साडेपाचला हायवेवर कंपनीची बस, रात्री साडेआठला परत. रविवार तेवढा आपला.

घरची गाडी त्याची बायको साधना चालवायची. मयूर विहारच्या शाळेत ती गणित शिकवायची. एक्केचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढून तिने ही अकरा वर्षं जुनी गाडी चालवायला घेतली होती. जानेवारी २००१ मधल्या एका शनिवारी ती घरी आली तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूची काच धप्पकन दाराच्या आत पडली होती. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि साधनाचा खोकला दिवाळीपासून गेलेला नव्हता.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने हात वर केले. "साहब, मंगल से पहले नहीं होगा."

"सोमवारी मी शाल गुंडाळून जाईन," साधना म्हणाली.

"बिल्कुल नाही. मी बघतो उद्या. असतं काय त्यात?"

रविवारी धुकं जरा विरळ झाल्यावर पद्माकर स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड घेऊन खाली उतरला. दाराचं आतलं कव्हर काढायला आधी काच खाली-वर करायचं हँडल काढावं लागतं, आणि हँडलला स्क्रूच नव्हता. अर्धा तास तो नुसता ओढत राहिला. पहिल्या मजल्यावरचे तनेजा गॅलरीतून चहा पीत बघत होते. "पद्माकरजी, कपड़ा फँसाओ पीछे, कपड़ा!" पद्माकरने हँडलच्या मागे फडकं घालून रगडलं. एक बारीक क्लिप टणकन उडाली आणि गाडीखाली गेली. ती शोधायला तो थंड फरशीवर पोटावर आडवा झाला. ती सापडली, पण मग उठावंसंच वाटेना. मिनिटभर तो तसाच पडून राहिला.

कव्हर निघालं, त्याच्या तीन खुंट्या मोडून. आत सगळा गंज आणि ग्रीस. काच जिच्यात रुतते ती पट्टी रिकामीच खाली राहिली होती. तिचं रबर कुजलं होतं. एका हाताने काच वर धरली की पट्टी सरकायची, पट्टी धरली की काच निसटायची. दोनदा बोट चिमटलं. शेवटी त्याने वर हाक मारली.

साधना खाली आली आणि दोन्ही तळव्यांत काच वरून धरून उभी राहिली. तो आत डोकं घालून सायकलच्या ट्यूबचा तुकडा पट्टीत कोंबू लागला.

"रोज तुला यायला पाच वाजतात," तो आतूनच म्हणाला. "वाटेतल्या पुलावर एवढं ट्रॅफिक असतं?"

"ट्रॅफिक नसतं. मी सव्वाचारलाच येते. इथेच बसून राहते, गाडीत."

"का गं?"

"वर आलं की सुरू होतं ना सगळं. कुकर, अबोलीचा अभ्यास, शाळेच्या वह्या. इथे कोणी काही मागत नाही. कधी कधी झोप लागते."

पद्माकरने डोकं बाहेर काढलं. तिचे हात काचेवर होते, त्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते. तो स्वतः बसमध्ये जाता-येता पाच तास झोपायचा, आणि त्याला वाटायचं की या घरात आपण एकटेच थकतो.

"बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? तू येतोस तेव्हा माझे डोळे मिटत असतात. दाब ना लवकर, हात गारठले माझे."

त्याने जोर लावून पट्टी दाबली. काच रुतली. हँडल परत बसवून फिरवून पाहिलं तर ती वरच घट्ट अडकलेली, खाली येईना.

"राहू दे," साधना म्हणाली. "मला बंदच हवी होती."

त्या संध्याकाळी कुकर त्याने लावला. भात करपला. अबोलीने तो वरचा वरचा वाढून घेतला. त्याच आठवड्यात पद्माकरने कंपनीच्या नोएडाच्या, घराजवळच्या गोदामात बदलीचा अर्ज दिला. हुद्दा खालचा होता; साहेबाने दोनदा विचारलं, "सोच लिया?" बदली व्हायला त्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. तो सहाला घरी येऊ लागला आणि तिच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतल्या बेरजा तपासू लागला. त्यांतही चुका करायचा. साधना त्या पुन्हा तपासायची.

गाडीत बसणं तिने सोडलं नाही. पण आता वर येऊन ती सांगायची, "आज अर्धा तास झोपले."

"अच्छा," तो म्हणायचा, आणि चहाचं आधण ठेवायचा.