रेखाला स्वेटर मोठा झाला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आईला तर मी दर रविवारी फोनवर भाजी कुठली केली इथपासून सगळं सांगते — पण हे नाही. तुम्हाला का सांगतेय? तुमचं तोंड मला दिसत नाही म्हणून असेल. समोरच्याचं तोंड बघून बोलायला लागले की मी काय करते — तेच तर सांगायचं आहे.

मी मूळची अकोल्याची. शिकायला म्हणून कॅनडात सस्काटूनला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात रूथ आणि डेव्हिडच्या बेसमेंटमध्ये राहायला गेले. दोघंही पंचेचाळिशी ओलांडलेली. तो शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा, ती शाळेची बस चालवायची. देवभक्त ख्रिस्ती माणसं — जेवणाआधी हात धरून प्रार्थना, रविवारी चर्च, बुधवारी घरात बायबल वाचायला आठ-दहा जण. मूल नव्हतं. भारतातून मुलगी दत्तक घ्यायचं ठरलं होतं, आणि मुलगीही ठरली होती: मराठवाड्यातल्या एका संस्थेतली सोनी, चार वर्षांची. तिचा फोटो फ्रिजवर चिकटवलेला. मी खोली बघायला गेले आणि मला मराठी येतं हे कळलं, तेव्हा रूथ खुर्चीत बसलीच. म्हणाली, आम्ही प्रार्थना करत होतो, तू त्याचं उत्तर आहेस.

आता बारावीला दोनदा बसलेल्या मुलीला कुणी असं म्हटलं तर तिने काय करावं? मी हसले. पण खोटं कशाला बोलू — ते मला आवडलं. फार आवडलं.

दर शनिवारी संध्याकाळी आमचं जेवण आटोपलं की तिकडे रविवारची सकाळ व्हायची. संस्थेच्या मॅडम व्हिडिओ कॉल लावायच्या, सोनीला समोर बसवायच्या आणि बाकीच्या मुलींच्या आंघोळी उरकायला निघून जायच्या. इकडे स्वयंपाकघराच्या टेबलाशी रूथ आणि डेव्हिड, मधे मी. ते इंग्रजीत विचारणार, मी मराठीत सांगणार. सोनी मराठीत बोलणार, मी इंग्रजीत. दोन्हीकडचं कळणारी त्या बोलण्यात मी एकटीच होते.

सहा महिन्यांत येईल असं त्यांना सांगितलं होतं. दोन वर्षं लागली. कधी तिकडे कोर्टाची तारीख पुढे गेली, कधी इकडचं एखादं पत्र जुनं झालं म्हणून नव्याने काढावं लागलं, बोटांचे ठसे तर तीनदा दिले असतील. नुसतं भिजत घोंगडं. रूथने सोनीच्या मापाचा बर्फातला सूट आणून दाराशी अडकवला होता. हिवाळा संपला, सोनी वाढली, सूट लहान झाला. रूथने तो चर्चमधल्या कुणाच्या तरी मुलीला दिला आणि एक माप मोठा आणून त्याच खुंटीला अडकवला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एका शब्दाने कुणाला बोलली नाही. डेव्हिड म्हणायचा, देवाची वेळ आपल्या घड्याळात बसत नाही. मला त्या धीराचा कधीकधी रागच यायचा. अरे, भांडा ना कुणाशी तरी! आमच्याकडे एव्हाना कुणीतरी कुणाच्या तरी टेबलावर हात आपटला असता. ती दोघं मात्र डोळे मिटून बसायची, आणि प्रार्थनेत माझं नावही असायचं.

पण मी इकडचंतिकडचंच सांगत बसलेय. मुद्द्यावर यायला हवं.

पहिले तीन कॉल सोनी बोललीच नाही. खाली मान. रूथ तिला गाणी म्हणून दाखवायची, डेव्हिड कुत्र्याला कॅमेऱ्यासमोर धरायचा — ती ढिम्म. चौथ्या वेळी तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘रेखाताई बी येणार ना?’’

रेखा कोण, ते मी तिथल्या तिथे विचारून घेतलं. संस्थेतलीच मुलगी, अकरा वर्षांची. सख्खी बहीण नव्हे, नात्यातलीही नव्हे. पण सोनी तिथे तान्ही आली तेव्हापासून तिला रेखानेच सांभाळलेली. रेखा जेऊ घालते, रेखाशेजारी झोपते, रेखाच वेणी घालते. रविवारी सकाळी मोठ्या मुली स्वयंपाकघरात असायच्या, त्यामुळे रेखा आम्हाला कधी दिसली नाही. चार वर्षांच्या पोरीने हे सगळं मला दोन मिनिटांत नीट समजावून सांगितलं. न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं — हे मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे मला पळायला वाट राहणार नाही.

माझ्या दोन्ही बाजूंना ती दोघं. मूल पहिल्यांदाच बोलतंय म्हणून श्वास रोखून बसलेली. काय म्हणते, काय म्हणते? आणि पडद्यावर सोनी, उत्तराची वाट बघत. मी सोनीला म्हटलं, ‘‘हो, येणार की.’’ ती हसली. पहिल्यांदाच — बारीक दुधाच्या दातांचं हसू. रूथने तोंडावर हात घेतला आणि रडायलाच लागली. मी इंग्रजीत सांगितलं, ती विचारतेय, तुम्ही मला न्यायला कधी येणार?

एवढंच. वेळ मारून नेली. पुढच्या शनिवारी सावरून घेऊ असं वाटलं होतं का? बहुतेक तसंही वाटलं नव्हतं. सगळे खूश होते आणि ते माझ्यामुळे होते, इतकंच डोक्यात होतं.

पण सोनी दर आठवड्याला विचारायची. रेखाताईला तिकडे शाळा आहे का? रेखाताई आणि मी एकाच पलंगावर झोपू का? मी हो म्हणायचे आणि इंग्रजीत दुसरंच काहीतरी — तिला शाळेबद्दल ऐकायचंय, तिला तुमचं घर बघायचंय. एकदा रूथच म्हणाली, ही सारखी रेखा रेखा म्हणते, कोण गं ती? चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, तिथे काम करणारी बाई आहे एक, सोनीची काळजी घेते.

रूथने काय केलं असेल? त्या बाईसाठी स्वेटर घेतला. जाड, मरून रंगाचा, बाईमाणसाला होईल असा मोठ्या मापाचा. खोक्यात सोनीचे कपडे आणि वर तो स्वेटर, त्याला चिठ्ठी जोडलेली: रेखासाठी, आमच्या मुलीला जीव लावल्याबद्दल. खोकं पोस्टात टाकायला मीच गेले. बर्फातून, दोन्ही हातांनी ते छातीशी धरून. तिथेही मला काही सुचलं नाही.

महिन्याभराने सोनीने कॉलवर सांगितलं, ‘‘रेखाताईला स्वेटर लई मोठा झाला. हात खाली लोंबतेत. पण ती म्हणती, तिकडं येस्तोवर मापात येईल.’’

रूथने विचारलं, काय म्हणाली?

मी म्हटलं, रेखाला स्वेटर आवडला.

त्या दिवशी मी बेसमेंटमध्ये येऊन बराच वेळ पायरीवर बसून होते. वर जाऊन सांगावं, असं मनात आलं होतं. पण काय सांगणार — की मी चार महिने तुमच्या टेबलाशी बसून खोटं बोलतेय? आणि सांगितलं तर ही असली माणसं, दोघींसाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज करतील, आणखी वर्षं जातील — असं मी स्वतःला समजावलं. त्यांच्याच भल्याचं म्हणून. खरं सांगू? त्या घरात माझी एक खुर्ची झाली होती. ती जाईल याची भीती वाटली.

मग पुढची दीड वर्षं मी तेच केलं. हळूहळू सवय झाली.

शेवटी कागद झाले. एप्रिलमध्ये दोघं सोनीला आणायला गेली. माझी परीक्षा होती, मी इथेच. एका सकाळी सहाच्या सुमारास मी बसची वाट बघत उभी होते आणि रूथचा फोन आला. तिकडे संध्याकाळ. संस्थेच्या दारात गाडी उभी, सोनी रडतेय, कुणाला तरी घट्ट धरून बसलीय, गाडीत चढत नाही. मॅडम म्हणत होत्या, मुलं असंच करतात, तुम्ही निघा, विमान चुकेल. पण रूथला सोनीचं बोलणं माझ्याच तोंडून ऐकायची सवय झालेली. म्हणाली, ती काय म्हणतेय ते मला सांग. मग फोन तिकडे दिला.

सोनीला हुंदक्यांनी बोलता येईना. मग दुसराच आवाज आला. तो मी कधीच ऐकला नव्हता, तरी कुणाचा ते लगेच कळलं. अगदी शांत, समजूतदार आवाज.

‘‘ताई, तुम्ही फोनवरल्या ना? मी पिशवी भरून ठेवलीय. यांना सांगा ना, मीबी आहे म्हणून.’’

बघा, इथे वेळ होती. तोंडं समोर नव्हती, टेबल नव्हतं. रूथला दोन वाक्यं सांगायची होती. रूथने काय केलं असतं ते मला माहीत होतं — ती गाडी परत पाठवणारी बाई होती. म्हणूनच मी बोलले नाही.

मी रेखाला म्हटलं, ‘‘तुझे कागद मागाहून येतील. आता तिला रडवू नकोस. बसव तिला गाडीत.’’

ती बरं म्हणाली. एवढंच, बरं.

आणि रूथला मी सांगितलं, ती मुलगी निरोप देतेय. तुम्ही निघा, जितका वेळ लावाल तितकं सोनीला जड जाईल.

मग माझी बस आली. मी बसले, परीक्षा दिली, पासही झाले.

परत आल्यावर रूथने सगळं कौतुकाने सांगितलं. म्हणे, ती मोठी मुलगी किती गोड! तिनेच सोनीचं नाक पुसलं, समजूत घातली, उचलून गाडीत ठेवलं, दार लावलं. आणि गंमत बघ, म्हणाली — एवढ्या उन्हाळ्यात तिच्या अंगात मी रेखाला पाठवलेला स्वेटर होता! बाह्या दुमडलेल्या. त्या रेखाने या पोरीला देऊन टाकला असणार. किती मोठ्या मनाची बाई, घाईत मॅडमना विचारायचंच राहिलं, भेट झाली नाही याचं वाईट वाटतं.

मी भांडी पुसत होते. पुसत राहिले.

चर्चमध्ये आभाराची प्रार्थना झाली. डेव्हिड कधी पुढे जाऊन बोलत नाही, त्या दिवशी बोलला. अर्ज भरताना आम्ही ‘एक किंवा दोन मुलं’ असं लिहिलं होतं, म्हणाला. देवाने एक दिलं, आमचं घर भरलं. मग माझं नाव घेऊन त्याने मला उभं केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे ‘एक किंवा दोन’ मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं. मी उभी राहिले. हात जोडले.

सोनी पहिल्या आठवड्यात बेसमेंटच्या पायऱ्या उतरून माझ्याकडे आली होती. विचारलं, ‘‘रेखाताई कधी येणार?’’ मी म्हटलं, येईल. तिने माझ्याकडे नीट बघितलं. सहा वर्षांचं मूल, पण बघणं मोठ्या माणसाचं. मग वर निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी मराठीत एक शब्दही बोलली नाही. मी मराठीत विचारलं तर गप्प, पुढे इंग्रजी आल्यावर इंग्रजीत उत्तर. रूथला काळजी वाटायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, दत्तक आलेली मुलं भाषा लवकर विसरतात. मीही मान डोलावली. आणि आतून — हे लिहायला हात जड होतोय — आतून मला सुटल्यासारखं वाटलं. ती विसरली तर बरंच, असं मला वाटलं. त्या पोरीची भाषा जातेय आणि मी सुटतेय.

आता सोनी बारा वर्षांची आहे. हॉकी खेळते, मला आंटी म्हणते, कामापुरतं बोलते. माझं लग्न झालं, मी गावातच दुसरीकडे राहते, तरी थँक्सगिव्हिंगला माझी खुर्ची त्या टेबलाशी ठरलेली. रूथ अजून माझ्यासाठी प्रार्थना करते. तिचा हात माझ्या हातात असतो आणि मी डोळे मिटून घेते. सोनी मिटत नाही. एकदा मी उघडले तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. तिला काय आठवतं, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

रेखाचे कागद कुणी केलेच नव्हते, तर ते येणार कुठून? किती दिवस वाट बघितली असेल तिने, पिशवी कधी रिकामी केली असेल, तेही मला माहीत नाही. मुलगी अठरा वर्षांची झाली की तिला त्या संस्थेतून निघावं लागतं, एवढं ठाऊक आहे. रेखाला गेल्या वर्षी अठरा पूर्ण झाली. मॅडमचा नंबर इतकी वर्षं माझ्याकडे आहे. मी एकदाही फोन केला नाही.