मालवणात पाचला जेवायचं

माझी नात मैत्रिणींबरोबर मालवणला निघाली आहे. परवा तिने फोनवर विचारलं, आजी, तू पूर्वी गेली होतीस ना, काय काय बघू ते सांग. म्हटलं, लिहूनच काढते, म्हणजे तुझंही काम होईल आणि माझा ब्लॉग वाचणाऱ्या चार लोकांचंही. आधीच सांगते, माझी माहिती पन्नासेक वर्षांपूर्वीची आहे. सत्तरच्या दशकात मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं, पर्यटक नावाची जमात अजून जन्मायची होती आणि आम्ही दोघी बायका नुसता समुद्र बघायला आलो आहोत म्हटल्यावर लोक आमच्याकडे वळून बघत होते. पण समुद्र तोच आहे, तेव्हा माहिती चालून जावी.

मी तेव्हा सांगलीच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. आमचं घर जैन शेतकऱ्याचं. घर कृष्णेच्या घाटाजवळ, शेत पूल ओलांडून पलीकडे. माझी आई, म्हणजे आमची अक्का, एका डोळ्याची. तरुणपणी उसात काम करताना पात्याचं टोक डोळ्यात गेलं, आधी घरगुती औषधं झाली आणि डॉक्टर गाठेपर्यंत डोळा गेला. आता उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू धरला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन बहुतेक चांगलं होईल, पण हमी कुणीच देत नसतं. पुढचं सगळं सोडून अक्काने तो ‘हमी’ शब्द तेवढा पदरात बांधला आणि वर्षभर ऑपरेशनचं नाव काढू दिलं नाही.

मग एके दिवशी हाताने चाचपत तांदूळ निवडता निवडता तीच म्हणाली, "जलमभर भवसागर भवसागर म्हनून हात जोडतोय. सागर कसला असतोय त्योच बघितला न्हाई. एकदा दाखीव, मग डोळा कापा न्हाईतर काढा."

तोंडातून शब्द पडायचा अवकाश, मी रजेचा अर्ज टाकला. आप्पा, म्हणजे माझे वडील, येऊ शकत नव्हते. हळद शिजवायचे दिवस होते आणि त्या दिवसांत आमच्याकडचा पुरुष रानातून हलत नाही. शाळेतल्या एका बाईंचं माहेर मालवणचं. त्यांच्या काकींकडे मागची खोली भाड्याने मिळेल असं ठरलं. दोघीच कशा जाणार म्हणून भावकीत कुजबुज झाली, ती आम्ही कानाआड केली.

सांगलीहून पहाटेची एसटी पकडून कोल्हापूर आणि तिथून फोंडा घाटाने मालवण. बरोबर दशम्या, शेंगांची चटणी, बिनलसणाचं भडंग आणि पाणी गाळायचं फडकं. घाटात गाडी वळायला लागली तशी अक्काने नाकाला लिंबू लावलं ते कणकवलीपर्यंत काढलं नाही. खिडकीबाहेरची झाडी मी तिला सांगत होते आणि ती हूं हूं करत होती. घाट उतरल्यावर हवा दमट झाली, अंगाला चिकटायला लागली. मालवणच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पावणेसहा झाले असतील. समोरून मासळीचा असा वास आला की अक्काने पदर नाकाला लावला आणि विचारलं, "दिवस किती राहिलाय गं?"

हे आमच्या घरचं घड्याळ. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. आप्पा रानातून पूल ओलांडून यायचे, हातपाय धुवून पाटावर बसायचे, त्यांच्यामागून अक्का बसायची आणि शेवटचा घास आणि सूर्य बरोबरच खाली जायचे. तीस वर्षं हेच चाललं होतं. त्यामुळे काकींच्या मागच्या खोलीत शिरल्या शिरल्या आम्ही दशम्या सोडल्या. जेवून, हात धुवून, वाट विचारत किनाऱ्यावर पोचलो तोवर अंधार पडला होता आणि नुसता लाटांचा आवाज येत होता. उद्या बघू म्हणून परतलो.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग. नातीसाठी सांगते, किल्ला चुकवू नकोस. धक्क्यावरून होडीने जायचं. आमच्या वेळी माणशी काही आणे पडायचे. अक्का होडीत बसायला घाबरेल असं वाटलं होतं, पण कृष्णेच्या पुरात नावेतून माहेरी गेलेली बाई ती, ऐटीत फळीवर बसली. किल्ल्यात महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा चुन्यात उमटलेला आहे. अक्काने विचारून बोटं फिरवून घेतली. फांद्या फुटलेला एक माड तेव्हा होता, लोक तो मुद्दाम बघायला यायचे. आणि तिथल्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे हे गोड. होडीवाल्याने पोहऱ्याने पाणी काढून दिलं, अक्काने फडकं दुमडून ते गाळलं आणि मग प्याली. तो हसून म्हणाला की आजवर एवढे लोक पाणी प्यायले, कुणाला काही झालं नाही. अक्का म्हणाली, माणसाला न्हाई होत बाबा, पाण्यातल्या जिवाला होतंय. परत जाताना तिचा हात धरून त्याने तिला होडीत चढवलं.

त्याआधी तटावर गेलो होतो. बारा वाजलेले, ऊन मी म्हणत होतं आणि पाणी नुसतं चकाकत होतं. मी दोन पावलं पुढे होते. मागे वळून बघितलं तर अक्का हात जोडून उभी होती. डोळा बारीक केलेला, चेहरा गंभीर. म्हणाली, "केवढा गं मोठा. डोळं भरून बघितला."

तिचं तोंड किल्ल्याच्या आतल्या बाजूला होतं. समोर काळे दगड आणि वाळकं गवत. समुद्र तिच्या पाठीशी होता.

मी तिला फिरवलं नाही. फिरवून दाखवणार काय, दोन्हीकडे तिला पांढरंच दिसत होतं. ती मला बरं वाटावं म्हणून बोलत होती, आणि मी तिला बरं वाटावं म्हणून होय होय म्हणाले. वर्षभर आधी यायला हवं होतं. ती घाबरते म्हणून मी ऑपरेशनचा विषय टाळत राहिले, आणि तेवढ्यात उरलासुरला डोळाही हातचा गेला, असं मनात आलं. ऑपरेशन बिघडलं तर हिने समुद्र बघितला नाही तो नाहीच.

त्या संध्याकाळीही आम्ही नेमाने, दिवस मावळता मावळता, मागच्या खोलीत जेवलो. सूर्य खिडकीच्या उलट्या बाजूला कुठेतरी बुडाला.

तिसरा दिवस शेवटचा. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना बघितली. शेदोनशे हात लांब जाळं, दोन्ही टोकांना ओळीने माणसं, आणि एका तालात मागे सरकत ओढायचं. बघण्यासारखी गोष्ट आहे, पण माझं लक्ष नव्हतं. मासे तडफडताना बघवत नाहीत म्हणून अक्का दूर सुरूंच्या सावलीत पाठमोरी बसली होती. दुपारी ती आडवी झाली तेव्हा मी मागच्या विहिरीवर कपडे धुवायला गेले आणि धुता धुता रडायला लागले. काकी नारळ सोलत होत्या. त्यांनी कोयता बाजूला ठेवला आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, तटावरचं सुद्धा.

काकी म्हणाल्या, "दुपारच्या उन्हात आमकाच दिसणा नाय, मगे तिका खंयसून दिसतला? सांजच्याक घेवन जा गो आवशीक."

आईला संध्याकाळी कशी नेणार, तेव्हा आमचं जेवण असतं, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही.

"मगे पाचाक जेवा. पाचाक जेवल्यार पाप लागता काय?"

आता हसू येतं. शास्त्रात दिवस मावळायच्या आत जेवा एवढंच आहे, बरोबर मावळतानाच जेवा असं कुठे म्हटलं आहे? ती वेळ शास्त्राची नव्हती, आप्पांच्या रानातून परतण्याची होती. पण ती अंगात इतकी मुरलेली की आप्पा घाटमाथ्यापलीकडे हळद शिजवत बसलेत आणि आम्ही मालवणात त्यांच्या वेळेवर जेवतोय, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. मी चाळीस पोरांना गणित शिकवत होते, हे इथे सांगायला लाज वाटते.

काकींनी पाचच्या आधीच पान वाढलं. कांदा-बटाटा वगळून, उकड्या तांदळाचा भात, मुगाची उसळ आणि सोलकढी, तीही बिनलसणाची. अक्का कुरकुरली की एवढ्या लवकर घास जात न्हाई. तरी जेवली, आणि सहाच्या सुमारास आम्ही चिवल्याच्या किनाऱ्यावर वाळूत जाऊन बसलो.

सूर्य खाली येत गेला. उन्हाची धार गेली, पाण्यावरची चकाकी मावळली. मी काही दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. आणखी एकदा तिला खोटं बोलायला लावायचं नव्हतं.  एकदम अक्काने माझं मनगट धरलं.

"पद्मा, ती होडी जातीया व्हय? शिडाची?"

होडी होती. मी होय म्हणाले.

"अन् तिच्या मागं आनि एक हाय. बारकी."

मला ती दिसत नव्हती. चष्मा पुसून बघितलं तेव्हा दिसली. अक्का बोट नाचवत सांगत सुटली: पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ती रेघ, लाटेचा फेस, डाव्या अंगाला काळे खडक, सूर्याचा तांबडा गोळा खालून चपटा होतोय तो. काहीच चुकलं नाही. ती सांगत होती आणि मी ओक्साबोक्शी रडत होते, आणि छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं मोकळं वाटत होतं. तीस वर्षं रोज या वेळेला ती चुलीपुढे धुरात असायची. या वेळेला तिला दिसतं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

सूर्य बुडाल्यावरही ती उठेना. पार अंधारून येईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "लय मोठा हाय. पर काठ हाय की गं ह्याला." आणि गुडघ्यावर हात ठेवून उठता उठता म्हणाली, "चल. आता कापा म्हनावं डोळा."

परतीचा प्रवास आला तसाच, फक्त लिंबू या खेपेला माझ्या नाकाला होतं. पुढच्याच आठवड्यात मिरजेत ऑपरेशन झालं. त्याआधी मी समुद्रावरची गोष्ट सांगितली तेव्हा डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, पडदा बाहुलीच्या मधोमध धरलाय. भर उन्हात बाहुली बारीक होते म्हणून दिसत नाही, उजेड कमी झाला की ती मोठी होते आणि कडेने दिसतं. इतकं साधं. तेव्हा ऑपरेशननंतर कितीतरी दिवस हलू देत नसत. ते दिवस अक्काने काढले, आम्ही श्वास रोखून काढले. पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा डोळ्यांवर चढला, डॉक्टरांनी बोटं किती म्हणून विचारलं. अक्काने बोटांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होती.

"काळी पडलीस की गं," ती म्हणाली, "समुद्रावर डोक्यावर पदर घ्यायचा न्हाई व्हय?"

आप्पा खोलीच्या बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्या प्रवासातली एकच गोष्ट घरात टिकली. आमच्याकडे जेवण पाचला व्हायला लागलं. आप्पा महिनाभर कुरकुरले, मग रानातून लवकर यायला लागले. जेवण झालं की अक्का जाड चष्मा पदराने पुसून घाटावर जाऊन बसायची आणि कृष्णेपलीकडे, आमच्याच रानाच्या मागे, सूर्य बुडेपर्यंत उठायची नाही. नंतर नंतर आप्पाही तिच्या शेजारी जाऊन बसायला लागले. आपल्या रानाच्या मागे असा सूर्य मावळतो हे त्यांनीही कधी बघितलं नव्हतं.

तेव्हा बाळ, किल्ला बघ, तिन्ही विहिरींचं पाणी पी, रापण बघ. पण जेवण पाचला उरकून घे.