गोदूचा उजवा अंगठा

वडप्याला हमरस्त्याला लागून गोदामांची जी रांग आहे, तिच्यातल्या एका गोदामात गोदू केणे पॅकिंगला आहे. खोका उभा करायचा, माल भरायचा, टेप मारायची, स्टिकर लावायचा. बारा वर्षं झाली. आता तिच्या हाताखाली चौदा बायका आहेत, आणि तिने मारलेली टेप सुरीशिवाय निघत नाही हे तिथला कुठलाही ड्रायव्हर शपथेवर सांगेल. अशी ही बाई.

तरी मधली काही वर्षं हजेरीच्या यंत्रापुढे ती आली की सगळी रांग हसायची. बाकीचे उजवा अंगठा टेकवून चालू पडत. गोदू आडवी उभी राहून डावा हात पुढे करायची. टेपच्या कटरने डाव्या अंगठ्याची पार चाळण झालेली, त्यामुळे यंत्र तिला ओळखच देत नसे. तीनदा, चारदा. मागून साद नावाचा सुपरवायझर ओरडायचा, "ए लेफ्ट पार्टी, जल्दी करो, बाहर गाडी खडी है!" गोदू मान खाली घालून पाचव्यांदा अंगठा टेकवायची. तिच्यासारखे आणखी दहाजण होते, सगळे डावे.

डावाच का, त्याचं कारण दर रविवारी काल्हेरला एका बंद पडलेल्या कापडाच्या लूमच्या कारखान्यावरच्या हॉलमध्ये भरत असे. अंतिम हाक मंडळी. येशूचं नाव घेणारे तालुक्यात पुष्कळ आहेत आणि ते आपापल्या जागी सुखाने प्रार्थना करतात. पण ह्या मंडळीच्या मते ते सगळेसुद्धा बुडणार होते. तरणार फक्त हॉलमधले ऐंशीजण, आणि तेही नियम पाळले तर.

गोदू तिथे गेली ती हौसेने नाही. नवरा पंढरी हमाली करायचा आणि प्यायचा. किती, ते विचारू नका. भगत झाले, गंडेदोरे झाले, नवस झाले. शेवटी मंडळीचा रघू ब्रदर घरी आला. हा पूर्वी टेम्पो चालवायचा. अकरा दिवस तो पंढरीच्या उशाशी बसला, त्याच्या ओकाऱ्या काढल्या, थरथरणारं अंग धरून ठेवलं. पंढरीची दारू सुटली ती सुटलीच. हे खरं आहे, आणि गोदू आजही ते कुणासमोर नाकारत नाही. पण उपकाराच्या मागोमाग दावणही आली.

चाळीस नियमांचा तक्ता घरात लागला. बांगडी नाही, गजरा नाही, टीव्ही नाही, दुसऱ्याच्या सणाचा घास नाही. जगाच्या शेवटी देवाचा कर्णा वाजणार, नियम पाळणारे क्षणात वर स्वर्गात उचलले जाणार, बाकीचे मागे राहणार श्वापदाच्या, म्हणजे सैतानाच्या, राज्यात. ह्याची तारीख रघू ब्रदरने तीनदा दिली आणि तीनदा ती निघून गेली. पण चूक कधी तारखेची नसायची. मंडळीतल्या कुणाच्या तरी लपवलेल्या पापाने कर्णा अडलेला असायचा. म्हणून दर रविवारी उघडी कबुली. उभं राहून आधी आपलं पाप सांगायचं, मग शेजारणीचं. शेजारणीचं झाकणाऱ्याचंही नाव जीवनाच्या पुस्तकातून कटणार.

गोदूने एका रविवारी मैनाचं नाव घेतलं. मैना तिच्याच टेबलावरची, तिची जिवाची मैत्रीण. दिवाळीला नणंदेकडे तिने करंजी खाल्ली होती. एका करंजीपायी मैना मंडळीबाहेर गेली आणि तिच्याशी बोलणं हे पाप ठरलं. पुढे दोन वर्षं त्या दोघी एकाच टेबलावर समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना टेप देत होत्या, पण तोंडातून शब्द नाही. गोदूला त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटते ह्याचीही भीती वाटायची.

त्याच सुमारास गोदामात अंगठ्याचं यंत्र आलं. श्वापदाची खूण उजव्या हातावर नाहीतर कपाळावर बसणार आणि ज्याच्यावर ती बसली तो मागे राहणार, असं शास्त्रात आहे. मंडळीत रडारड झाली. नोकरी सोडावी तर खायचं काय? रघू ब्रदरने तीन दिवस उपास केला आणि निकाल दिला: शास्त्रात उजवा हात म्हटलाय, डाव्याला हरकत नाही. नामांकित वकिलालाही सुचली नसती अशी पळवाट. सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि वडप्यात लेफ्ट पार्टी जन्माला आली.

ह्यावर हसून सोडून दिलं असतं, पण घरात रीमा होती.

गोदूची ही एकुलती एक लेक मंडळीत आली तेव्हा नऊ वर्षांची. पोरगी हट्ट करायला लागली की गोदू म्हणायची, "ऐकलं न्हाईस तं मी जाईन वर, तू ऱ्हाशील मागं." सगळ्याच आया काहीबाही भीती घालतात, पण ही भीती आईसुद्धा खरी मानत होती. एका दुपारी रीमा शाळेतून आली. दार सताड उघडं, चुलीवर भात रटरटतोय आणि घरात कुणी नाही. गोदू टँकरवर हंडा घेऊन गेली होती. पण पोरीला वाटलं, वाजला कर्णा. ती अनवाणी हायवेवर धावली, "आई मला घेऊन जा" म्हणत, आभाळाकडे बघत. एका ट्रकवाल्याने तिला बखोट धरून बाजूला ओढलं म्हणून वाचली. तेव्हापासून रीमा एकटी कधी राहिली नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे तर आईनेच तो आणून घरात बसवला होता.

पण पोरगी हुशार. हमाली करताना पंढरीच्या पायावर गठ्ठा पडला तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या नर्सचं बघून बघून हिने चाळीस दिवस ती जखम धुतली, पट्ट्या बदलल्या. तेव्हाच ठरवून टाकलं. बारावीला सायन्समध्ये एक्क्याऐंशी टक्के काढले आणि ठाण्याच्या नर्सिंग कॉलेजच्या यादीत नाव लागलं. केण्यांच्या अख्ख्या कुळात बारावीच पहिली, तिथे नर्सिंग! गोदूने यादीतल्या नावावरून तीनदा बोट फिरवलं.

रविवारी रघू ब्रदर तिला बाजूला घेऊन म्हणाला, "गोदू बहीण, तीन वर्षांचा कोर्स? तीन वर्षं राहिलीत कुठं जगाची? आन् तिथं उजवा अंगठा घेतात. मी माहिती काढलीय. तुमच्या घरातनं एक अंगठा गेला ना, तर पंढरीतनं निघालेलं दारूचं भूत सात सोबती घेऊन परत येईल. मग माझ्याकडं येऊ नका."

 आठ दिवस गोदू जेवली नाही नीट. नवव्या दिवशी, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला, तिने सुट्टी टाकली आणि पोरीला घेऊन ठाण्याची एसटी धरली. धीटपणा वगैरे काही नव्हता. डाव्या अंगठ्यावर भागेल, एवढीच आशा.

नाही भागलं. कार्यालयातल्या रंजिता मॅडमनी कागद तपासले, मार्क बघून कौतुक केलं, आणि यंत्र पुढे सरकवलं. "उजवा अंगठा. आधी मुलीचा, मग पालकांचा."

"डावा चालंल का?" गोदूने विचारलं.

"फॉर्मवर उजवाच लागतो हो. पाच वाजता सिस्टीम बंद होते. साडेचार झालेत."

रीमाने उजवा हात ओढणीखाली घेतला.  "आई, चल घरी."

"नर्स व्हायचंय ना तुला?"

"व्हायचंय." ती रडायला लागली. "पण मला मागं राहायचं नाय. तू जाशील आन् मी एकटीच राहीन."

गोदू लेकीकडे बघत राहिली. पोरगी एकोणीसची होत आली आणि अजून हायवेवर अनवाणी धावतेय. कुणी धावायला लावलं तिला? रघू ब्रदरने नव्हे, आपणच. तिला स्वतःचा असा काही संताप आला की भीतीला आत जागाच उरली नाही.

"मॅडम, आदी माझा घ्या," ती म्हणाली, आणि आपला उजवा अंगठा यंत्रावर दाबला. यंत्राने एका फटक्यात तो घेतला. "हे बघ, दिला मी. आता मी बी मागं ऱ्हाणार. तू एकटी कशी? दोघी ऱ्हाऊ. आन् देव आलाच मला न्यायला, तं त्याला तोंडावर सांगीन, पोरीबिगर मी येत न्हाय, तुला जायचं तं जा!"

रंजिता मॅडमना काही कळलं नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. रीमा पाणी प्यायली नाही. ती आईच्या अंगठ्याकडे बघत होती. मग तिने ओढणीखालून हात काढला. गोदूने आधाराला मनगट धरलं, पण अंगठा पोरीने स्वतः टेकवला. पाचला अकरा मिनिटं होती.

रविवारी गोदू हॉलमध्ये गेली. लपून राहणं तिच्या रक्तात नाही. कबुलीची वेळ झाली तशी ती उभी राहिली.

"माझ्या दोन कबुल्या हायेत," ती म्हणाली. "उजवा अंगठा मी दिलाय, पोरीलाबी द्यायला लावलाय. त्याची मला खंत न्हाय. दुसरी कबुली मोठी. मैनाचं नाव मी इथं घेतलं व्हतं. ते पाप. ते तुमच्या तक्त्यात न्हाय, पण देवाच्या असंल."

 रघू ब्रदरने पंढरीकडे बोट केलं. "बघा ह्याच्याकडं सगळ्यांनी! महिन्याच्या आत हा गटारात सापडेल!"

ऐंशी माणसं वळून पंढरीकडे बघायला लागली.  हीच एक भीती गोदूच्या मनात उरली होती. पंढरी अबोल माणूस, दहा वर्षांत तो कबुलीलाही चार वाक्यांवर पाचवं बोलला नव्हता. तो दुखऱ्या पायाने सावकाश उठला आणि रघू ब्रदरपुढे जाऊन त्याने हात जोडले.

"तुमी अकरा दिवस बसलात, ते मी मरेपर्यंत इसरणार न्हाय. पण त्यानंतर रोज सकाळी दारूला न्हाय म्हंतो, तो मी म्हंतो. देव असतो संगती. भूत न्हाय आन् तुमीबी न्हाय." मग बायकोकडे वळून म्हणाला, "चल गोदू."

पायऱ्या उतरताना गोदूची मान इतकी ताठ होती की तिला पायरी दिसेना, आणि पंढरीला तिचा हात धरावा लागला.

त्याला आता दोन वर्षं होतील. पंढरी गटारात सापडला नाही. तक्ता भिंतीवरून उतरला. प्रार्थना रोज होते, येशू ह्या घरातून कुठे गेलेला नाही. रीमा तिसऱ्या वर्षाला आहे, वॉर्डात ड्युटी करते. सगळं गोड झालं असं नाही. घर रिकामं दिसलं की तिचं काळीज अजून धडधडतं, मग ती आईला फोन लावते, आणि गोदू हातातली टेप खाली ठेवून पहिल्या घंटीला उचलते. मैनाने तीन महिने माफ केलं नाही. चौथ्या महिन्यात तिने गोदूला पोटभर शिव्या दिल्या, मग दोघी रडल्या, आणि आता टेबलावर इतक्या बोलतात की साद वैतागतो.

मंडळीला मात्र गोदूशी बोलणं बंद. अजून. लेफ्ट पार्टीतल्या बायका तिच्या टेबलाशेजारून खाली बघत जातात.

गेल्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत त्यांच्यातल्या दोघी पाण्याच्या टाकीशी येऊन उभ्या राहिल्या. एकीने मागे बघून घेतलं, कुणी नव्हतं. दुसरी नळाकडे तोंड करून हळूच म्हणाली, "गोदूताई, माझी पोर बारावीला हाय. ते नर्सिंगचे फारम कदी निगतात?"

 

"निगतील निकालानंतर," गोदू मोठ्याने, सगळ्या गोदामाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "मला सांग फकस्त. सुट्टी टाकून येते मी संगती."