स्वीडिश भांडणाची तालीम

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो.

मी रिटायर्ड चिप इंजिनिअर. इथे अमेरिकेच्या वाळवंटात, चँडलरच्या उन्हाळ्यात बाहेर फिरायची सोय नाही, म्हणून लायब्ररीत जाऊन बसायला लागलो आणि एका जुन्या स्वीडिश नाटककाराच्या नादी लागलो. काय वल्ली माणूस हो! तीन लग्नं केली, तिन्ही मोडली. मधेच नाटकं सोडून सोनं बनवायला बसला आणि हात पोळून घेतले. नवरा-बायकोची भांडणं तर अशी लिहिली, की वाचताना आपल्यालाच घाम फुटावा! मला एकच कुतूहल, हा माणूस घरी भांडायचा तरी कसा?

मग काय, त्याचं एक नाटक इथल्या मराठी मंडळात करायचं ठरवलं. दिग्दर्शक अर्थात मी! नवरा-बायको म्हणून आमच्याच गल्लीतलं खरंखुरं जोडपं, डॉक्टर साने आणि वीणाताई. रोज चार वाजता त्यांच्या घरी तालीम. पण त्यांना भांडताच येईना! "तुम्ही माझं आयुष्य नासवलंत" हे वाक्य वीणाताई अशा म्हणायच्या, जणू आणखी एक पोळी वाढू का विचारतायत. मंडळाच्या कमिटीने बजावलं होतं, शनिवारपर्यंत जमलं नाही तर नाटक कॅन्सल आणि कार्यक्रमातला तो तास अंताक्षरीला. माझी झोपच उडाली!

गुरुवारी साडेतीनलाच पोचलो. गराजचं दार उघडं होतं आणि आतून आवाज येत होते. अहाहा!

"तुमच्या या भिडस्तपणापायी दर वेळी मीच मरते!"

"मग तूच सांग ना! मला कशाला पुढे करतेस?"

स्क्रिप्टमध्ये यातलं अक्षर नव्हतं! म्हटलं, वा, नाटक अंगात भिनलं, आता पदरची वाक्यं सुटायला लागली. मी टाळ्या वाजवतच आत शिरलो. दोघंही दचकून माझ्याकडे वळले.

"अहो, थांबताय काय! चालू द्या! वीणाताई, बोट रोखा!"

वीणाताईंनी बोट रोखलं, पण माझ्याकडे. "हे बघा, आलेच. सांगा आता!"

"क्या बात है! डॉक्टर, तुमचं वाक्य!"

डॉक्टर कपाळ पुसत, अगदी पुटपुटत म्हणाले, "जोग, आम्हाला नाही करायचं हे नाटक. तुम्ही उद्यापासून येऊ नका."

आता कुठलाही शहाणा माणूस तिथेच समजला असता की नाही? मी म्हणालो, "वाक्य झकास आहे हो, पण शेवटच्या रांगेत ऐकू जायला नको का? जरा मोठ्याने!"

म्हणाले की मोठ्याने. दोघंही, एका सुरात.