दाभणाचं भोक

ते प्रकरण आठवलं की मला आरोपीच्या आधी दाभण आठवतं. ठाण्यातल्या टेबलाच्या खणात सुतळी, लाख आणि शिक्का यांच्या शेजारी पडलेलं, लाकडी मुठीचं साधं दाभण. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटातल्या लूटमारी पाहिल्या. पण एका सरळ माणसाचं आयुष्य नासवायला पोलिसाला किती थोडी मेहनत पुरते, हे मला त्या दाभणानं दाखवलं. इथे कुणाचंही नाव लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून महाडातच आहेत आणि भेटली की मला चहा पाजतात.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी महाडला फौजदार होतो. गावाबाहेर औद्योगिक वसाहत वाढत होती. एके सकाळी तिथल्या एका रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर जीपमधून उतरले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "फौजदारसाहेब, आमचं दीड वर्षाचं काम चोरीला गेलंय."

"कुलूप तुटलंय का?" मी विचारलं.

"कुलूप शाबूत आहे. वस्तूही जागेवर आहे. तिच्या आतलं गेलंय."

असली फिर्याद मी जन्मात ऐकली नव्हती. ठाणे अंमलदारानं लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला आठ्या घालून सगळं समजल्यासारखा चेहरा केला. ही विद्या पोलिसाला लवकर येते.

हळूहळू उलगडा झाला. कारखान्यात दोन कॉम्प्युटर होते. एक प्रयोगशाळेत, परदेशी तपासणी यंत्राबरोबर आलेला. दुसरा ऑफिसात, पत्रं आणि अहवाल टाइप करायला. प्रयोगशाळेतल्या मशीनवर एक तरुण सहायक रंगाच्या प्रत्येक चाचणीचे आकडे भरत असे. ते सगळं दोन फ्लॉपींवर साठवलेलं होतं. चार दिवसांपूर्वी त्या मशीनचा पडदा जळला आणि मुंबईचा मेकॅनिक अजून दहा दिवसांनी यायचा होता. मुंबईच्या मालकांना अहवाल ताबडतोब हवा होता, म्हणून मॅनेजरनी त्या फ्लॉपी ऑफिसच्या मशीनमध्ये घातल्या. मशीननं काही दाखवलं नाही. उलट विचारलं, ही नव्यानं तयार करून घ्यायची का?

"म्हणजे कोऱ्या," मॅनेजर म्हणाले. "त्यानं सगळं पुसलं आणि दुसऱ्या कारखान्याला विकलं. आमचे रंग आता ते करणार."

मी कारखान्यात जाऊन पंचनामा केला. फ्लॉपी काय असते हे पंचांनाही माहीत नव्हतं, तेव्हा मजकूर असा झाला: 'काळ्या रंगाचे, चौकोनी, पातळ, मध्यभागी गोल भोक असलेले दोन नग.' ठाण्यावर परतल्यावर मुद्देमाल सांभाळणाऱ्या आमच्या जुन्या हवालदारानं दोन्ही नग एकावर एक ठेवले, वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी ठेवली, खणातून दाभण काढलं आणि वरच्या कडेच्या मध्यावर आरपार खुपसलं. मग त्यातून टॅगचा दोरा ओवला, गाठ मारली, पाकिटात घातलं आणि लाख लावली. कागद असो की पुरावा, सुटा ठेवायचा नाही, ही त्याची सव्वीस वर्षांची शिस्त होती. मी समोर बसून पाहत होतो. पाकिटावर सहीही केली. आम्हा दोघांनाही काही वाटलं नाही.

त्याच दिवशी खबर आली. वसाहतीच्या फाट्यावरचा चहावाला माझा माणूस. तो म्हणाला, "साहेब, तो कापड्याचा पोरगा ना, लॅबमधला, त्यानं गेल्या बुधवारी पुण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं पाकीट दिलान. मी बघितला. चपटा व्हता. दोन येळा बजावलान, वाकवू नको म्हणून."

झालं. माझ्या डोक्यात गुन्हा शाबीत झाला. भोरमार्गे पुण्याला जाणाऱ्या गाडीतून माल गेला, आता घेणाऱ्याचं नाव काढायचं एवढंच उरलं.

त्या तरुणाला बोलावलं. वय चोवीस-पंचवीस, अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याच्या बौद्धवाडीतला, वस्तीतला पहिला बी.एस्सी. रोज एसटीनं महाडला यायचा. मी विचारलं, "का पुसलंस?"

"पुसलेलं नाही, साहेब."

"मग फ्लॉपी कोऱ्या कशा?"

"कोऱ्या नाहीत. आमच्या लॅबच्या मशीनवर दिसतील. दोन्ही मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी आहे. एकाची फ्लॉपी दुसऱ्याला वाचताच येत नाही."

आता खरं सांगतो, मला तो शब्दच्छल वाटला. कॉम्प्युटर तो कॉम्प्युटर. इथलं घड्याळ पोलादपुरात चालत नाही असं कुणी सांगितलं तर कोण ऐकेल? मी टेबलावर हात आपटला आणि पाकिटाचं विचारलं. तो एकदम गप्प झाला. मान खाली, ओठ घट्ट. पुण्याला काय पाठवलं, कुणाला पाठवलं, एक शब्द नाही.

खोटं बोलणारा माणूस सहसा भरपूर बोलतो, हे मला माहीत होतं. तरी त्या मौनाचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला. त्या काळी असं मौन फोडायची आमची एक पद्धत होती. मी ती वापरली नाही, पण त्यात माझा मोठेपणा नव्हता. त्याचा बाप ठाण्याच्या पायरीवर बसून होता आणि दारातून थेट आत दिसत होतं.

बाप मुंबईत गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर गावी येऊन भातशेती करत होता. मी बाहेर आलो तसा तो उठून उभा राहिला.

"जय भीम, साहेब. एक बोलू?"

"बोला."

"नोकरी गेली तर जाऊ दे. पोटाला भात हाय घरी. पन त्याच्या नावावर चोरी लावू नका. याच्या मागनं वस्तीतली दोन पोरं शिकत्यात. त्या लॅबचीच आस धरून बसल्यात. हा चोर ठरला तर त्या पोरांना गेटवरचा वॉचमन तरी उभा करंल काय? सगळा चान्सच गेला मग."

मी नेहमीचं उत्तर दिलं, की कायदा आपलं काम करेल. तो मान हलवून पुन्हा पायरीवर बसला. मॅनेजर रोज फोन करून अटकेचं विचारत होते. अटकेचा कागद मी दोनदा लिहायला घेतला. दोन्ही वेळा ती पायरी आडवी आली आणि मेकॅनिक येईपर्यंत थांबायचं मी ठरवलं. तोवर त्या तरुणाला रोज दहा वाजता हजेरी लावली. तो बरोबर दहाला येई, बाकावर बसे आणि बाप पायरीवर.

मेकॅनिक आला, त्यानं लॅबचं मशीन सुरू केलं. आम्ही सगळे तिथे जमलो: मॅनेजर, तो तरुण, पंच, हवालदार आणि मी. मेकॅनिकला मी आधी विचारलं, एका मशीनची फ्लॉपी दुसऱ्याला खरंच वाचता येत नाही का? तो म्हणाला, "हा मुलगा बरोबर बोलतोय. तिकडच्या मशीनला हिची मांडणी कळत नाही, म्हणून ते तिला कोरी समजतं. आत मजकूर गच्च भरलेला असला तरी."

हवालदार पटकन म्हणाला, "म्हंजे मोडीवानी! आमच्या आज्याचे मोडीतले कागद पोरांनी गिचमिड समजून चुलीत घातलेनी. त्यात जमिनीचा निवाडा व्हता."

सगळे हसले. तो तरुणही दहा दिवसांत पहिल्यांदा हसला. मी पंचांसमोर लाख फोडली आणि पाकीट मेकॅनिकच्या हाती दिलं. त्यानं आतला मुद्देमाल बाहेर काढला. टॅगला दोन्ही फ्लॉपी लोंबकळत होत्या. मेकॅनिकनं त्या उजेडाकडे धरल्या. कडेच्या भोकातून खिडकी दिसत होती.

"हे कुणी केलं?" त्यानं विचारलं. "आतली तबकडी फाटलीय. आता या कुठल्याच मशीनवर वाचता येणार नाहीत."

हवालदाराचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, मधी आधीच येक भोक व्हता," तो पुटपुटला. "मला वाटला, आनखी येकानं काय व्हतंय."

तो तरुण भिंतीला टेकून खालीच बसला.  नुसता त्या दोन फ्लॉपींकडे पाहत राहिला.

मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता मजकूर होता असं तो तरी कशावरून म्हणणार? आमच्या मशीनवर कोऱ्या होत्या, हे आम्ही पाहिलंय. तुम्ही पुढची कारवाई करा." ते वाईट गृहस्थ नव्हते. मुंबईहून त्यांच्या मानेवर पाय होता. आणि त्यांचं म्हणणं मला सोयीचंही होतं. भोकाचा उल्लेख गाळला असता, तर मला विचारणारं कोणीच नव्हतं. त्याची शिक्षा त्या तरुणाला झाली असती आणि मला कदाचित चांगला शेरा मिळाला असता.

मी त्याला उठवून बाहेर अंगणात नेलं. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. आरोपीची माफी मागायची सवय पोलिसाला नसते. 

"हे बघ," मी म्हटलं, "भोक माझ्यासमोर पाडलं गेलं. वर माझी सही आहे. तू सुटशील असा पुरावा माझ्या टेबलावर नासला. आज ठाण्यात गेल्यावर हे स्टेशन डायरीत माझ्या नावानं लिहिणार आहे. हवालदाराच्या नावानं नाही."

त्यानं शर्टाला लागलेली भिंतीची माती झटकली. मग म्हणाला, "साहेब, एक चूक माझीही आहे. ते पाकीट."

आणि मग तो बोलायला लागला. मॅनेजरना रोज एक पानाचा गोषवारा ऑफिसच्या मशीनवर हवा असे. लॅबचं मशीन त्याला जोडता येत नव्हतं, फ्लॉपी तिकडे चालत नव्हती, आणि मॅनेजरनी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. म्हणून हा रोज लॅबच्या पडद्यावरचे ठळक आकडे तेवढे वहीत उतरवून घ्यायचा आणि तेच ऑफिसात जाऊन पुन्हा टाइप करायचा. त्यात चुका होत, बोलणी बसत. पुण्याला एका संस्थेत त्याचा कॉलेजातला मित्र शिकत होता. तिथे दोन्ही जातीची मशीनं होती. एका मशीनची फाइल दुसऱ्याला वाचता येईल असं काही करता येतं का, हे बघायला यानं दोन्ही फ्लॉपींची नक्कल करून त्याला एसटीनं पाठवली होती.

"मग पहिल्याच दिवशी हे सांगितलं का नाहीस?"

"कारखान्याची वस्तू न विचारता बाहेर पाठवली, साहेब. सांगितलं असतं तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. आणि त्या मित्रालाही तुम्ही उचललं असतं. तुम्ही तुमचं सांगितलंत, म्हणून सांगतोय."

मी त्याला खोटं कसं म्हणणार? खरोखरच उचललं असतं.

पुण्याला कुणाला पाठवायचं हा प्रश्नच आला नाही. हवालदार आधीच टोपी घालून उभा होता. दुसऱ्या दिवशी तो परत आला तो ॲल्युमिनियमचा सपाट डबा छातीशी धरून. वरंध घाटातल्या सगळ्या वळणांवर तो डबा त्यानं मांडीवरून खाली ठेवला नव्हता. शेजारच्या बाईनं विचारलं, एवढं काय हाय त्यात? तर हा म्हणाला, "येका माणसाची अब्रू हाय, बाय. धक्का नको मारू."

डब्यात नक्कल होती आणि तिच्यासोबत मित्रानं तयार केलेली आणखी एक फ्लॉपी. नक्कल लॅबच्या मशीनमध्ये घातली. हिरवी अक्षरं भराभर वर सरकू लागली. तारखा, रंग, आकडे, दीड वर्षाची एकेक चाचणी. पाठवल्यानंतरच्या दोन दिवसांचे ठळक आकडे त्याच्या वहीत होते. मग दुसरी फ्लॉपी घेऊन आम्ही ऑफिसात गेलो. तिथल्या मशीनवरही तेच आकडे उमटले, तस्सेच. मित्रानं ते जमवलं होतं. मॅनेजर खुर्ची ओढून बसले आणि खूप वेळ वाचत राहिले.

शेवटी म्हणाले, "चोरी नाही, हे मान्य. पण वस्तू बाहेर पाठवली, हे मी कसं सोडू?"

"सोडू नका," मी म्हटलं. "लेखी समज द्या. मलाही वरून मिळणार आहे. माझी नोकरी राहणार असेल, तर त्याचीही राहू द्या."

ते माझ्याकडे बघून हसले आणि फिर्याद मागे घेतो म्हणाले. ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या बापाला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो उठून उभा राहिला. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला त्या वेळी फार लाज वाटली, ती आजही लिहिताना वाटते.

माझी बदली झाली. काही वर्षांनी कामानिमित्त महाडला आलो, तेव्हा त्याच फाट्यावर चहा घेत होतो. कारखान्याची पाळी सुटली होती. तो समोरून आला, थोडा जाड झालेला, बरोबर दोन तरुण, तिघांच्याही खिशाला कारखान्याचे बिल्ले. त्यानं त्यांना माझी ओळख करून दिली: "हे साहेब. यांच्याच ठाण्यात माझ्या फ्लॉपीला भोक पडलं." दोघे मोठ्यानं हसले. वस्तीतली ती दोन पोरं हीच का, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. त्यातल्या एकानं माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. ज्याचं बोलणं मला कळत नाही तो खोटं बोलतोय आणि जो गप्प आहे तो गुन्हा लपवतोय, असं मी तोवर धरून चालत होतो. पुढे प्रत्येक चौकशीत मी आधी स्वतःला विचारलं, की मला हे वाचता येतंय का?

माझ्या सेवापत्रकात एक प्रतिकूल शेरा आहे: 'मुद्देमाल हाताळण्यात निष्काळजीपणा.' त्याविरुद्ध अपील करा, सहज निघून जाईल, असं पुष्कळांनी सांगितलं. मी केलं नाही. अपील करायचं तर भोक मी पाडू दिलं नाही असं लिहावं लागलं असतं, आणि तो मुलगा माझ्यासमोर खरं बोलला होता तो मी ते कबूल केल्यावरच.